ताटात आहे तोवर

मला व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही. तरी एका गेमचा शेवट मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या धाकट्या भावाने तो आमच्या माधव नगरच्या घरात, समोरच्या खोलीत, महिनोन्‌महिने खेळला. मारामारीचा गेम. परदेशातलं कुठलंसं बंदर, तिथली टोळी आणि टोळीत शिरलेला एक तरुण. त्या तरुणाला आपण चालवायचं. दुकानं जाळायची, माणसं डिकीत कोंबायची, कोणाचे गुडघे फोडायचे. सव्वीस वर्षांचा घोडा हे सगळं मांडी घालून, शेव खात खात करायचा. मी शाळेतून पेपरांचा गठ्ठा घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "बंद कर रे तो कत्लखाना!"

"ताई, बस लास्ट सीन है."

लास्ट सीन काही संपायचा नाही. तो असा होता. त्या तरुणाने आपल्याच टोळीविरुद्ध तोंड उघडलेलं असतं. सगळं सोडून तो आईकडे येतो. आई ताट वाढते. तेवढ्यात त्याचा लहानपणापासूनचा मित्र येतो, मिठी मारतो, समोर बसतो. मग कॅमेरा हळूच टेबलाखाली जातो आणि आपल्याला दिसतं की मित्राच्या मांडीवर पिस्तूल आहे. आता खरी मेख ही की, त्या वेळी कुठलंच बटण चालत नाही. पळता येत नाही, उठता येत नाही, हात उगारता येत नाही. एकच बटण चालतं, घास घ्यायचं. ताटात आहे तोवर मित्र वाट बघतो. ताट संपलं की गोळी, सरळ तोंडावर, आणि मागच्या भिंतीवर लाल शिंतोडे.

ते शिंतोडे धाकट्याने पहिल्यांदा पाहिले आणि त्याला काय झालं देव जाणे. त्यानंतर तो तो सीन पुन्हा पुन्हा लावायचा आणि बटण दाबायला जमेल तितका उशीर करायचा. ताटात शेवटचा घास उरला की टीव्हीच बंद. "उद्या बघू," म्हणायचा. मी म्हणायचे, वेड्या, तुझ्या उशिराने तो वाचणार आहे का?

आई शेंगा सोलत बाजूला बसलेली असायची. तिला गोळीचं काही नव्हतं. तिचा राग वेगळाच. "जेवत्या माणसाला मारतात? कुठल्या मुलखातले मेले हे! आणि ती बाई बघा. भर दुपारी मुलाचा मित्र घरी आला आणि त्याला नुसता कोरडा बसवून ठेवलाय. अगं, वाढ की त्याला! हात गुंतला असता त्याचा."

आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

देवास गेटला, बसस्टँडसमोर, धाकट्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, खोपटंच. तिथल्या ऑटो आणि मॅजिक गाड्यांच्या स्टँडवर एका माणसाचं चालायचं. त्याला सगळे भिया म्हणायचे. कोणाची गाडी नंबरात लागेल, कोणाची लागणार नाही, महाकालच्या देवळाला जाणाऱ्या सवाऱ्या कोण उचलेल, हे भिया ठरवायचा. त्याची पोरं स्टँडवर दिवसभर मोटरसायकलींवर आडवी पडलेली असायची. मी तिथून जाताना पदर खोचूनच जायचे, आणि एकाने शिट्टी मारली तेव्हा परत वळून त्याच्या कानाखाली वाजवली होती. घरात मला मिर्ची म्हणतात ते काही उगीच नाही.

एका दुपारी एका मॅजिकवाल्याने भियाशी हुज्जत घातली. धाकटा समोरच बसला होता, हातात चिमटा, पुढ्यात कोणाचा तरी उघडा फोन. भियाने सीटखालून लोखंडी रॉड काढला. पहिला घाव कोपरावर बसला, तेव्हा तो मॅजिकवाला हसला म्हणे, मस्करी चाललीय असं वाटून. दुसरा जबड्यावर. त्यानंतर त्याला ओरडताही आलं नाही. तो खाली पडला तरी भिया मारतच राहिला, डोक्यावर, पाठीवर, पुन्हा डोक्यावर. मोडलेला एक दात धाकट्याच्या काउंटरच्या काचेवर येऊन आपटला. मग भियाने शेजारच्या टपरीवरून पाण्याची बाटली घेतली, हात धुतले, आणि चूळसुद्धा भरली. तोवर सगळ्या लाइनीची शटरं खाली आली होती.

पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, हम तो अंदर थे साहब. आमचे शहाणे म्हणाले, मैंने देखा.

"आ बैल मुझे मार!" मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, की माझाच घसा बसला. आई मात्र शांत. "पाहिलं ते सांगितलं. त्यात काय एवढं? खोटं बोलायला शिकवलं होतं का त्याला?"

मग सुरू झालं. दुकानाची काच फुटली. एका संध्याकाळी त्याला क्षीरसागरच्या वळणावर गाडीवरून पाडून तिघांनी लाथा घातल्या, दोन फासळ्या गेल्या. रस्त्यात मला गाठून एकाने गोड आवाजात सांगितलं, "दीदी, समझाओ उसको." मी त्याला काय समजावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गवाहीची तारीख पितृपक्ष संपल्यावर लागलेली. तेवढे दिवस धाकटा जिवंत राहायला हवा होता. आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. आम्ही तिघं जेवायला बसलो तरी कान दाराकडे.

आणि भियाच्या पोरांमध्ये एक आमच्या घरचा होता.

त्याचं खरं नाव आमच्याकडे कोणी घ्यायचं नाही. पहिलीत असताना धाकट्याने त्याला हाताला धरून आणलं आणि आईला सांगितलं, "ये मेरा दोस्त है." तेव्हापासून आई त्याला दोस्तच म्हणायची. "दोस्त, पाय धुऊन ये." "दोस्त, ताटात टाकून उठायचं नाही." त्याची आई लवकर गेली, बाप दारूडा. मागच्या गल्लीतलं ते पोरगं आमच्याच चुलीवर वाढलं म्हणा ना. मराठी सगळं कळायचं त्याला, बोलायचा मात्र हिंदी. मोठा झाला, ऑटो चालवायला लागला, आणि स्टँडवर ऑटो चालवायचा म्हणजे भियाचं व्हायचं. मग त्याचं येणं कमी झालं. देवास गेटच्या त्या दुपारनंतर तर बंदच.

त्या वर्षी बाबांचं नवमीचं श्राद्ध आलं. गुरुजींना पितृपक्षात श्वास घ्यायला वेळ नसतो. ते आले, पिंड झाले, गुरुजी भराभर जेवले, दक्षिणा उचलून दुसऱ्या घरी पळाले. धाकटा धोतरात, उघड्या अंगाने, फासळ्यांवर अजून पट्टी. आमची पानं मांडायची बाकी होती. मी आमसुलाची चटणी वाटत होते. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि दार वाजलं.

मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या कडुलिंबाखाली दोन पोरं मोटरसायकलवर बसून राहिली होती. तिसरा दारात. दोस्त.

मी "उघडू नकोस" म्हणेपर्यंत आईने दार उघडलंसुद्धा. कोणीही म्हणेल, काय बाई आहे ही! पण श्राद्धाच्या दिवशी जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला आमच्याकडे परत पाठवत नाहीत. कोण जाणे, कोणाच्या रूपाने कोण येतं. आई हे मानते, आणि तिचं मानणं म्हणजे दगडावरची रेघ.

"आलास? बरं झालं," आई म्हणाली. "पान वाढते."

"काकू, खाना नहीं. दो मिनट बात करनी थी उससे. बाहर."

"बात खाल्ल्यावर कर. आधी पट्टा काढ."

तो जागच्या जागी थांबला.

"काकू, आज रहने दो."

"आज तर मुळीच नाही. श्राद्ध आहे. चामडं स्वयंपाकघरात चालत नाही, माहीत आहे ना? की पहिल्यांदा येतोयस?"

हे खरं होतं. लहानपणापासून, सोवळं असलं की तो पट्टा आणि पाकीट बाहेरच्या खुंटीवर ठेवूनच आत यायचा. आमच्यापेक्षा तोच जास्त पाळायचा ते. आता तो एकदा आईकडे बघत होता, एकदा बाहेर. मग पाठ फिरवून त्याने शर्ट वर केला. पट्टा सैल झाला तसा कमरेचा जड ऐवज खाली घसरला. त्याने तो झटकन पकडला, गमछ्यात गुंडाळला, वर पट्टा ठेवला आणि गठोडं चपलांच्या फळीवर ठेवलं. मूठ मला स्पष्ट दिसली. गावठी कट्टा होता.

मी आत जाऊन ठाण्याला फोन लावला. "देखते हैं मॅडम, गाड़ी भेजते हैं." धाकट्याला खुणेने सांगितलं, गच्चीवरून शेजारच्यांकडे उतर. तो म्हणाला, "तो माझ्या पानासमोर बसलाय, ताई. मी कसा उठू?" बसा मग! मूर्खांचा बाजार नुसता.

ते दोघं समोरासमोर पाटावर बसले. मध्ये दोन पानं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि हे मी पाहिलं होतं. शेवेच्या वासात, टीव्हीवर, शंभरदा. धाकट्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. त्यालाही कळलं होतं. त्याचा अंगठा मांडीवर आपोआप दाबल्यासारखा हलत होता.

आणि आई वाढायला लागली.

तिने आधी भात वाढला, त्यावर वरण, तूप. मग वडे. मग गवारीची भाजी, भोपळा, कढी. खिरीची वाटी. दोस्त मान खाली घालून खात होता. पहिले घास कोंबल्यासारखे, मग हळूहळू नीट, बोटांनी कालवून, आईने शिकवल्यासारखे. वडा संपला की दुसरा. "काकू, बस." आईने तिसरा टाकला. "काकू, हो गया सच में." "दोन घासांनी काय होतं रे? वाळलास किती." खिरीची वाटी रिकामी झाली, पुन्हा भरली. श्राद्धाचं जेवण झालं की जेवणाऱ्याला विचारायचं असतं, तृप्त झालात ना? त्याने हो म्हटलं की जेवण संपलं. आई ते विचारतच नव्हती. पातेल्याचा तळ दिसायला लागला तरी विचारत नव्हती. गेममधल्या त्या बाईला जे सुचलं नाही ते आई करत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली, की मला रडूच आलं.

बाहेरून हॉर्न वाजला. दोस्त दचकला. कढीचा ओघळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

मी मग एक काम केलं. चपलांच्या फळीवरून ते गठोडं उचललं, मागच्या अंगणात गेले आणि पट्ट्या-गमछ्यासकट पाण्याच्या हौदात सोडून दिलं. डुब्‌ आवाज झाला. परत येताना खलातला बत्ता हातात घेतला.

आत धाकटा बोलत होता. "मुझे मारने आया है क्या?"

दोस्त पानाकडे बघत म्हणाला, "मैं नहीं करूँगा तो वो दोनों करेंगे. और मेरा भी करेंगे."

"मग नको ना करूस," आई म्हणाली. एवढंच. जसं काही पतंग उडवायला गच्चीवर जाऊ नकोस म्हणावं. "ताक घे."

त्याने ताक घेतलं. पान पुसून काढलं, दाणा ठेवला नाही. मग त्यानेच आईकडे बघून म्हटलं, "पेट भर गया, काकू." आईचा चेहरा पडला. वाढायला काही उरलंच नव्हतं.

तो मागच्या नळावर हात धुवायला आला. मी तिथेच उभी, बत्ता घेऊन.

"ताई, मेरा सामान?"

"हौदात आहे. काढ हवं तर. भिजलंय."

मला वाटलं आता हा अंगावर येणार. मी बत्ता वर केला होता, देवाशपथ, डोकं फोडलं असतं मी त्याचं. तो हौदाकडे बघत राहिला, आणि हसला. लहानपणी कॅरममध्ये हरल्यावर हसायचा तसा. "अच्छा किया," म्हणाला. आत जाऊन आईच्या पाया पडला. धाकट्याने त्याचा दंड धरला. "मत जा यार. बैठ इधर. पुलिस आ रही है."

"तू अंदर से कुंडी लगा," दोस्त म्हणाला, दंड सोडवून घेतला आणि बाहेर पडला.

खिडकीतून सगळं ऐकू आलं. एकाने विचारलं, "हुआ?" तो म्हणाला, "नहीं." "क्यों?" आणि तो वेडा, खोटं बोलता आलं असतं, घरात नाहीये म्हणता आलं असतं, म्हणाला, "खाना खा रहा था."

फाडकन आवाज आला. थोबाडीत. "और सामान कहाँ है?" "नहीं है." मग मोटरसायकलचा स्टँड लागल्याचा आवाज. सुऱ्याचा पहिला वार दोस्तने हातावर घेतला. तळवा फाटून बोटं लोंबली. दुसरा पोटात. सुरा बाहेर काढताना त्या पोराने पाय लावून जोर केला, ते मी पाहिलं. तिसरा पुन्हा पोटात. दोस्त आमच्या ओट्यापर्यंत मागे मागे आला आणि पायरीवर बसला, थकून बसतात तसा. दुसऱ्याने वरून त्याच्या तोंडावर लाथ मारली.

धाकट्याने कडी काढली आणि तो तसाच धोतरात, उघडा, धावला. त्याच्या मागून मी. मी बत्ता फेकला. गल्लीतल्या कुत्र्याला पण माझा नेम लागत नाही, पण तो बत्ता सुरा धरलेल्या पोराच्या जबड्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. फार बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं, कोणाला काय वाटायचं ते वाटो. ते मोटरसायकल टाकून पळाले. गल्लीतली एक खिडकी उघडली नाही. सत्यनारायणाला रांग लावून प्रसाद घेणारे सगळे, एकही बाहेर आला नाही. मुडदे बसले होते आत.

आईने दोस्तचं डोकं मांडीवर घेतलं. पदराचा बोळा करून पोटावर दाबून धरला होता, बोटांमधून रक्त येतच होतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं तर रक्ताबरोबर खीर आली. आईने ती हाताने पुसली. पोलिसांची गाडी आली तेव्हा तो गेलेला होता.

धाकट्याने गवाही दिली. आधी मॅजिकवाल्याची, मग दोस्तची. वकिलाने हवं तसं उलटंपालटं केलं, हा जागचा हलला नाही. भिया आत आहे. स्टँडवर आता दुसरा कोणीतरी भिया आहे, पण तो आमच्या वाटेला येत नाही.

मी आईला पुढे विचारलं होतं, तुला कळलं होतं का, त्याच्याकडे कट्टा आहे म्हणून? तर माझ्यावरच डाफरली. "पँट एका बाजूने ओढलेली दिसत होती. मी काय आंधळी आहे?" मग बराच वेळ भांडी घासत राहिली आणि म्हणाली, "मी माझा वाचवला. तो कोणाचा होता, हे माझ्या डोक्यातच नाही आलं तेव्हा." मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने ओल्या हाताने मला दूर केलं.

यंदा नवमीला तिने दोन पानं मांडली. जेवायला आलेल्या आमच्या सख्ख्या काकू कुजबुजल्या, परजातीचं, वर असं मेलेलं. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला नको असेल तर तुम्ही उठा. त्या उठल्या नाहीत, वडे चांगले झाले होते.

त्या दिवशी दुपारी सगळे गेल्यावर धाकट्याने टीव्ही लावला. इतके महिने त्या रिमोटला त्याने हात लावला नव्हता. तोच सीन. तीच आई, तेच ताट, समोर मित्र. मी म्हणणार होते, आजच्या दिवशी कशाला? पण आई पदराला हात पुसत आली आणि शेजारी बसली.

"संपव," ती म्हणाली. "होऊन जाऊ दे एकदाचं."

त्याने बटण दाबलं. एक घास. दुसरा. थांबला नाही. ताट रिकामं झालं, मित्राने हात वर केला, गोळी सुटली, भिंत लाल झाली. मित्र खुर्ची सरकवून उठला आणि दारातून बाहेर गेला. पडदा काळा झाला आणि खालून वर नावं सरकायला लागली.

आई वाट बघत होती.

"आणि तो?" तिने विचारलं. "तो मित्र. बाहेर गेला ना. त्याचं काय होतं पुढे?"

"बस, आई. इथेच संपतं. आता नुसती नावं येतात."

"त्याचं दाखवतच नाहीत?"

"नाही."

आई तरीही बसून राहिली. नावं संपेपर्यंत ती पडद्याकडे बघत होती, आणि धाकट्यानेही टीव्ही बंद केला नाही.